पेन्शनीत आलेला विद्यार्थी

साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यातल्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर एक नोंद आहे. तारीख ७ नोव्हेंबर १९००, इयत्ता पहिली इंग्रजी, नाव भिवा रामजी आंबेडकर, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब. २०१७ पासून राज्य सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं, त्यामुळे दर नोव्हेंबरात शाळाशाळांतून या नोंदीची आठवण निघते. बोलणारे पहिल्या नावावर बोलतात, आडनावावर बोलतात. मधलं नाव वाचून पुढे जातात.

ते मधलं नाव एका पेन्शनर सुभेदाराचं होतं.

भिवाचे वडील रामजी सकपाळ पलटणीत शिकले. पुण्याला लष्कराच्या अध्यापक शाळेत त्यांनी मास्तरकीचं प्रशिक्षण घेतलं आणि महूच्या छावणीतल्या शाळेचे ते हेडमास्तर झाले. पेन्शन घेतल्यावर आधी दापोली, मग सातारा असा मुक्काम हलला. बसून खायची ऐपत नव्हती आणि तो स्वभावही नव्हता. जिल्ह्यातच दुष्काळी तलावाच्या कामावर त्यांनी खजिनदाराची नोकरी धरली. पुढे मुंबईत मुलाच्या पुस्तकांना पैसे कमी पडले की हे सुभेदार लग्न झालेल्या लेकींचे दागिने मागून आणत, गहाण टाकत आणि पेन्शन हातात पडली की सोडवून परत देत. ही हकीकत मराठी वाचकाला पाठ आहे. तिच्या मागची हकीकत मात्र क्वचित सांगितली जाते. गावच्या शाळेने ज्यांना दाराबाहेर बसवलं, त्यांतल्या पुष्कळांच्या हातात पहिली पाटी दिली ती पलटणीने. शिपायांना आणि त्यांच्या पोरांना तिथे शिकावंच लागे. ‘विटाळ विध्वंसक’ लिहून शास्त्रीपंडितांना प्रश्न विचारणारे गोपाळबाबा वलंगकर हेही १८८६ मध्ये निवृत्त झालेले हवालदारच. १८९० नंतरच्या काही वर्षांत सरकारने महारांची भरती थांबवली. भाकरी तर गेलीच, शाळाही गेली.

फौज आणि शिक्षण यांचं नातं सातारच्या मातीत असं सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे. तरीही आज कोणी निवृत्त हवालदार बी. ए.च्या वर्गाची चौकशी करायला लागला, की पारावरच्या मंडळींना गंमत वाटते. “मेजर, आता कसली परीक्षा? पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, पोरं शिकवा.”

‘मेजर’ हे इकडचं सरसकट संबोधन. हुद्दा नाईकाचा असो की हवालदाराचा, गावात तो मेजरच. माण, खटाव, जत, आटपाडी हा पर्जन्यछायेचा पट्टा; पाऊस हुलकावणी देतो, म्हणून घरातला एक मुलगा रानात आणि एक भरतीला, ही जुनी वाटणी. कृष्णाकाठी ऊस पिकला तरी तिथली भरती आटली नाही. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला तर ‘मिलिटरी अपशिंगे’ असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या नावाने इंग्रजांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आजही गावात आहे.

या पट्ट्यातल्या जवानाच्या आयुष्याचा हिशोब अगदी सोपा असतो. अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती, शिपाई-नाईक म्हणून सतरा-अठरा वर्षं नोकरी, म्हणजे छत्तीस-सदतिसाव्या वर्षी ट्रंक घेऊन घरी. ज्या वयात प्राध्यापकाची नोकरी जेमतेम पक्की होते, त्या वयात हा माणूस ‘पेन्शनर’ होतो. पुढे नोकरीची वीस-बावीस वर्षं शिल्लक असतात. त्यांत काय करायचं, याची ठरलेली उत्तरं आहेत: डीएससी (संरक्षण सुरक्षा दल), बँकेची बंदूक, कारखान्याचं गेट, नाहीतर पोलीस. जावळीतल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे सिग्नल कोअरमधून नाईक म्हणून निवृत्त झाले आणि मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी दहशतवादी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांचं नाव देशाला कळलं. एक वर्दी उतरवून दुसरी चढवणाऱ्या बाकीच्यांची नावं गावाबाहेर जात नाहीत.

आता कागदाकडे वळू, कारण या विषयाची सगळी गंमत कागदात आहे.

१२ फेब्रुवारी १९८६ रोजी केंद्र सरकारने एक नियम केला. माजी सैनिक दहावी झालेला असेल, किंवा त्याच्याकडे लष्कराचं त्या तोडीचं विशेष शिक्षण प्रमाणपत्र असेल, आणि सैन्यात त्याची किमान १५ वर्षं सेवा झाली असेल, तर गट ‘क’च्या राखीव जागांवर जिथे पदवी मागितली आहे तिथे तो चालेल. अट एवढीच, की ते काम तांत्रिक स्वरूपाचं नसावं. या नियमाच्या आधारे निवृत्त होताना जवानाला जो कागद मिळतो, त्याला फौजी लोक ‘ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट’ म्हणतात. लॅमिनेशन करून, डिस्चार्ज बुकाच्या शेजारी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात.

नियम चांगला होता. पंधरा वर्षं सियाचीन, नागालँड आणि वाळवंट पाहिलेल्या माणसाला कारकुनी जमणार नाही असं म्हणण्यात काही अर्थ नव्हता. पण हा कागद म्हणजे एका विशिष्ट खिडकीवर चालणारं तिकीट आहे. त्यावर नोकरीचा अर्ज भरता येतो, एम. ए.ला प्रवेश घेता येत नाही. बी. एड. करून शिक्षक व्हायचं म्हटलं, वकिली करायची म्हटलं, की विद्यापीठ विचारतं: गुणपत्रक कुठे आहे? आणि मग मेजरला कळतं की सरकारी भाषेत ‘पदवीधर’ आणि ‘पदवीधर समजण्यात यावे’ यांत तीन वर्षांचं अंतर आहे.

फौजेत त्याने परीक्षा दिल्या नव्हत्या असं मुळीच नाही. १९२१ मध्ये हिंदुस्थानी लष्करात शिक्षणाचं वेगळं दल उभं राहिलं. आजच्या आर्मी एज्युकेशन कोअरची ती सुरुवात. तिचं केंद्र पचमढीला, ब्रीद ‘विद्यैव बलम्’. बढती हवी तर शिक्षणाचं सर्टिफिकेट हवं, मॅप रीडिंग पास हवं. नकाशावरच्या समोच्च रेषा पाहून टेकडीचा कुठला उतार चढता येईल हे जो सांगू शकतो, त्याला भूगोलाच्या पहिल्या वर्षात काय नवं शिकवणार? रात्री तंबूत कंदिलाशी बसून या परीक्षांची तयारी केलेली माणसं गावोगाव आहेत. त्यांचं हे शिक्षण कॉलेजच्या फॉर्मवरच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं, एवढाच प्रश्न होता.

तो रकाना तयार करण्याचा मान मुक्त विद्यापीठांचा. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ चं, आणि नाशिकचं महाराष्ट्राचं मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ चं. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. या विद्यापीठाला यशवंतराव चव्हाणांचं नाव दिलं गेलं, आणि ही निवड केवळ राजकीय शिष्टाचाराची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. यशवंतराव देवराष्ट्र्याचे. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं सांगली झालं, आणि देवराष्ट्रे सांगलीत गेलं. कराडच्या टिळक हायस्कूलात शिकत असताना १९३२ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगातून सुटून ते १९३४ मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा एकवीस वर्षांचे होते. बी. ए. १९३८, एलएल. बी. १९४१. वर्ग सुटलेला, वय वाढलेलं, आणि तरी परत बाकावर येऊन बसलेला विद्यार्थी कसा असतो हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. हाच माणूस चीनच्या युद्धानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये देशाचा संरक्षणमंत्री झाला. मेजर ज्या विद्यापीठाचा फॉर्म भरतो, त्याच्या शिक्क्यावर एका माजी संरक्षणमंत्र्याचं नाव आहे, हा योगायोग मला फार आवडतो.

या विद्यापीठाने सुरुवातीच्या काळात केलेली सर्वांत धाडसी गोष्ट म्हणजे पूर्वतयारी शिक्षणक्रम. बारावी झाली नाही? हरकत नाही. वय अठरा पूर्ण आहे, लिहिता-वाचता येतं, तर ही एक परीक्षा द्या आणि बी. ए., बी. कॉम.ला या. दहावीनंतर थेट भरतीच्या रांगेत उभ्या राहिलेल्यांना हे दार पहिल्यांदाच उघडं दिसलं. एस. टी.चे कंडक्टर, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे शिपाई आणि त्यांच्यात एखाददुसरा ताठ पाठीचा फौजी, असा तो वर्ग.

ताठ पाठीचा हा विद्यार्थी जवळून पाहण्यासारखा असतो. रविवारी सकाळी दहाला संपर्कसत्र असलं तर तो पावणेदहाला हजर. पायांत पॉलिश केलेले बूट, शर्टाच्या बाह्या इस्त्रीच्या, पुस्तकाला खाकी कव्हर. शिकवणारे सर त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. ते आत आले की सगळा वर्ग बसून असतो आणि हा एकटा उभा राहतो. उत्तर देताना “जी सर” निघून जातं, मग स्वतःच हसतो. मागच्या बाकावरची पोरं त्याला काका म्हणतात, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्याच्याच नोट्सच्या झेरॉक्स काढतात.

त्याची खरी अडचण वर्गात दिसत नाही, पेपरात दिसते. भरतीला गेल्यापासून त्याचा सगळा कारभार हिंदीत झालेला असतो. हुकूम हिंदीत, रपट हिंदीत, शिव्यासुद्धा हिंदीत. घरी फोनवरची मराठी तेवढी राहते. त्यामुळे सुट्टीत मराठी बोलणारा माणूस तीन तासांचा मराठी पेपर लिहायला बसला की वाक्याच्या शेवटी ‘है’ येऊन उभं राहतं, ‘ळ’च्या जागी ‘ल’ पडतो आणि ‘परंतु’ आठवायच्या आधी ‘लेकिन’ आठवतं. दुसरी अडचण हाताची. सलग तीन तास लिहिण्याची सवय दहावीनंतर संपलेली असते. पहिल्या पेपरात दोन तासांनी बोटं वळेनाशी होतात. रोज दहा पानं शुद्धलेखन, असा यावर अगदी फौजी उपाय काहीजण करतात. पीटीसारखाच. पहाटे पाचला.

तिसरी अडचण सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत चिवट: नाव. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, डिस्चार्ज बुकात दुसरं. भरतीच्या दिवशी परप्रांतातल्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. वडिलांचं नाव गळालं, ‘राव’ कुठे लागला, कुठे राहिला, जन्मतारखेत दिवस-महिना उलटे झाले. नोकरीत असेपर्यंत ते सुधारायला पलटणीचा क्लार्क असतो. बाहेर पडल्यावर प्रतिज्ञापत्र, राजपत्र, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान असेल तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार. एका मात्रेपायी प्रवेशाचं एक वर्ष सहज जातं.

अमेरिकेने या माणसाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं होतं. २२ जून १९४४ रोजी, युद्ध चालू असतानाच, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली. ‘जी. आय. बिल’ म्हणून तो ओळखला जातो. परत येणाऱ्या सैनिकाची फी सरकार भरणार, वर दरमहा खर्चाला पैसे देणार. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांना धास्ती वाटली की विद्यापीठांच्या धर्मशाळा होतील. झालं उलटंच. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांतले जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते, लग्न झालेले, लेकुरवाळे, आणि अभ्यासात पोरांना मागे टाकणारे. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख जणांनी या कायद्याखाली काही ना काही शिक्षण-प्रशिक्षण घेतलं; त्यांतले २२ लाख कॉलेज-विद्यापीठांत गेले. कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला मात्र यातलं फार थोडं आलं, कारण पैसा वॉशिंग्टनमधून निघाला तरी दार उघडायचं की नाही ते गावचा माणूस ठरवत होता. हेही सांगितलंच पाहिजे.

आपल्याकडची योजनांची यादी पाहिली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे, २००६ पासून आहे, मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये मिळतात. मिळतात कोणाला? माजी सैनिकाच्या मुलांना आणि सैनिकाच्या विधवेला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या वसतिगृहांत राहायची सोय पाल्यांची. नोकरीत राज्यात १५ टक्के समांतर आरक्षण आहे, वयात सेवेची वर्षं अधिक तीन अशी सवलत आहे. म्हणजे सरकारच्या लेखी माजी सैनिक हा बाप आहे, उमेदवार आहे, पेन्शनर आहे. विद्यार्थी नाही. स्वतः शिकायचं तर त्याने पेन्शनीतून फी भरावी.

जानेवारी २०२२ मध्ये यात थोडा फरक पडला. माजी सैनिक कल्याण विभागाने इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाशी करार केला. जवान आणि जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) यांनी सेवेत घेतलेल्या प्रशिक्षणाला पदवीचे निम्मे श्रेयांक द्यायचे, उरलेले त्याने अभ्यास करून मिळवायचे. पंधरा वर्षांच्या नोकरीला ‘समजण्यात यावे’ म्हणण्यापेक्षा हे शंभर पटीने सरळ आहे. हातात शेवटी खरं गुणपत्रक येतं.

खरं तर काम आणि शिक्षण जोडण्याचा विचार सातारला नवा नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिक नव्हते. १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्याला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती सातारला आणली, आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं ते ‘कमवा आणि शिका’ या पायावर. तिथल्या पोरांनी कुदळ-फावडं चालवून पदवी घेतली. रात्री एटीएमच्या दाराशी बंदूक घेऊन बसणारा आणि मांडीवर इतिहासाचं पुस्तक उघडणारा माजी सैनिक हा कर्मवीरांच्या व्याख्येत तंतोतंत बसणारा विद्यार्थी आहे. त्याच्यासाठी वेगळी इमारत लागत नाही. संध्याकाळी सातनंतर उघडा असलेला एक वर्ग लागतो, आणि फॉर्म घेणाऱ्या खिडकीवर “तुमच्या मुलाचा आहे का हो?” असं न विचारणारा कारकून लागतो.

शिकायला उशीर झाला म्हणजे काय, याचं आणखी एक उत्तर सातारच्याच एका घराने दिलं. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक सातारच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी. १९६१ मध्ये निघालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात ते शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी दोन मुलं पदरात असताना वयाची अट शिथिल करून घेतली, निवड परीक्षा दिली, चेन्नईच्या अकादमीत आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलामुलींबरोबर अकरा महिन्यांचं प्रशिक्षण पूर्ण केलं आणि ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या.

यापुढे मात्र सगळा हिशोबच बदलणार आहे. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस या वयात ‘अग्निवीर’ म्हणून भरती (पहिल्या वर्षापुरती मर्यादा तेवीस), चार वर्षं नोकरी, त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम करायचं, बाकीच्यांनी सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी यायचं. पेन्शन नाही. पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला सुरू झालं, म्हणजे २०२६ च्या अखेरीपासून ही मुलं परतू लागतील. १९८६ च्या नियमाला पंधरा वर्षं लागतात. यांच्याकडे चार असतील. लॅमिनेट केलेलं ते ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट यांच्या कपाटात येणार नाही. शिक्षण मंत्रालयाने त्यांच्यासाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी सांगितली आहे, निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे. दहावीवर गेलेल्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीची सोयही आहे. पण फॉर्म त्यांनाच भरावा लागणार आहे.

पूर्वीचा मेजर शिकला नाही तरी पेन्शनवर निभावून नेत होता. बावीस-तेविसाव्या वर्षी परतणाऱ्या या पोरांना तेवढीही सोय नाही, आणि कॉलेजात बसायला त्यांचं वयही आड येत नाही. सातारा-सांगलीतल्या कॉलेजांनी यांची वाट पाहावी असा हा विद्यार्थी आहे: वेळेवर येणारा, खिशात फीचे पैसे असलेला.

तेव्हा तुमच्या भावकीत, गल्लीत कोणी अग्निवीर असेल आणि पुढच्या सुट्टीला घरी आला, तर पारावर बसून लढाईच्या गोष्टी विचारण्याआधी त्याला एक काम सांगा. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि पलटणीतली नोंद शेजारी शेजारी ठेव. तिन्हीकडे नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळते का बघ. जुळत नसेल तर युनिटच्या क्लार्ककडून आत्ताच दुरुस्त करून घे.